फॉर्म खरा होता म्हणूनच फसलो

पहिल्यांदाच सांगतो, मी काय अडाणी माणूस नाही. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वायरमनचं लायसन आहे, गोव्यात डिचोलीकडच्या लोखंडाच्या खाणीवर नऊ वर्षं काढली. क्रशर, पंप, हायटेन्शन पॅनल सगळं हाताखालून गेलेलं. १५ मार्च २०१८ ला कोर्टाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि आमच्यासारखे सिंधुदुर्गातले कितीतरी जण पेटारा घेऊन घरी आले. तेव्हापासून कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात घरांचं वायरिंग, पंपांची रिपेरिंग आणि एका बर्फाच्या फॅक्टरीचं मेंटेनन्स असं चाललंय. पोट भरतं, पण पोरगीचं शिक्षण तोंडावर आलं की माणूस इकडेतिकडे बघायला लागतो आणि तिथेच गाठ पडते.

मागच्या गणपतीत साडूच्या घरी आरतीला गेलो तर तिथे एक साहेब आलेले, साडूच्या मुंबईच्या चाळीतल्या कोणाच्यातरी ओळखीचे. पांढरा शर्ट, बोलणं एकदम सावकाश, मोदक खाताना सुद्धा फोन उलटा ठेवायचे टेबलावर. मी खाणीत होतो हे साडूने सांगितलं आणि साहेबांचे कान टवकारले. म्हणाले, अमेरिकेत कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत, पण तिथे कोणीही जाऊन वायरला हात लावू शकत नाही, सरकारचं सर्टिफिकेशन लागतं, 'एम-शा'चं, म्हणजे त्यांच्या खाण-सुरक्षा खात्याचं. माझ्याकडे बघून म्हणाले, तुमची खाण कोळशाची नव्हती तरी चालते, नियमातच लिहिलंय.

आणि इथे मी पडलो. कारण ते खरं होतं.

नंतर भाचीने शोधून वाचून दाखवलं तेव्हा कळलं, त्यांच्या नियमांच्या पुस्तकात भाग ७५ कलम १५३ असं आहे. कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिकचं काम करायला माणूस क्वालिफाइड कधी धरायचा ते त्यात आहे. एकतर तिथल्या राज्याचा मंजूर असलेला प्रोग्राम पास केलेला असला पाहिजे, नाहीतर किमान एक वर्ष इलेक्ट्रिकच्या कामाचा अनुभव आणि त्यावर मंजूर असलेलं ट्रेनिंग किंवा पाच लेखी पेपर. तो अनुभव कोळशाच्या खाणीतलाच पाहिजे असं नाही, कोळसा सोडून दुसऱ्या खाणीतला चालतो, खाणीची मशिनरी बनवणाऱ्या कारखान्यातला चालतो, तशीच मशिनरी वापरणाऱ्या दुसऱ्या धंद्यातलाही चालतो. म्हणजे माझी डिचोलीची नऊ वर्षं खरंच मोजली गेली असती! साहेबाने कायदा माझ्यापेक्षा नीट वाचलेला होता, एवढा अभ्यास सरळ मार्गाने केला असता तर कुठल्यातरी ऑफिसात मोठा माणूस झाला असता.

आठवड्याने फोन आला, कणकवलीला स्टँडजवळ एका गाळ्याच्या वर ऑफिस, या म्हणे. गेलो. भिंतीवर गरुडाचं चित्र, दोन खुर्च्या, एक मुलगी कॉम्प्युटरवर. साहेबाने प्रिंट काढून पुढ्यात ठेवली, फॉर्म नंबर ५०००-१, वर अमेरिकेच्या लेबर डिपार्टमेंटचं नाव. म्हणाला घरी जाऊन गुगलवर बघा हा फॉर्म, सरकारी वेबसाईटवर मिळाला नाही तर माझ्याकडे येऊ नका. मी घरी येऊन बघितला. मिळाला. हुबेहूब तोच. मग मला काय वाटणार सांगा? आपण खोटा शिक्का, खोटी सही, खोटं लेटरहेड ह्याच्यावर नजर ठेवून बसतो. खरा कागद बघितला की नजर खाली जाते.

आयेला सांगितलं तर ती शेगलाच्या शेंगा सोलत होती, वर पण बघितलं नाही. "रे, कोळसो खय नि आपण खय. माका काय्येक कळणा नाय, पण जो माणूस पावती देणा नाय तेका पैसे देव नको." मी म्हटलं आये, आता सगळं ऑनलाईन असतं, पावती कोण देतं. ती परत शेंगांकडे वळली.

पैसे एकदम मागितले नाहीत, ही पण एक कला आहे. आधी रजिस्ट्रेशन १२,०००. मग गोव्याचे अनुभवाचे कागद अटेस्ट करायला १८,०००. मग म्हणे अमेरिकेत तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्याच्याऐवजी एम-शाचा स्वतःचा एक ओळख नंबर असतो तो काढावा लागेल, २५,०००. (असा नंबर खरंच असतो, फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर उघड लिहायला लागू नये म्हणून दिलेला. मला जो आकडा दिला तो बहुतेक त्याच्या गाडीच्या इंजिनवरचा असेल.) मग पाच पेपरांचे प्रत्येकी ९,००० म्हणजे ४५,०००. आणि शेवटी कार्ड आणि 'एम्प्लॉयर लेटर' मिळून ६५,०००. टोटल १,६५,०००. त्यातले साठ हजार आंब्याचे साठवलेले, बाकी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून. प्रत्येक वेळी आधीचे गेलेत ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरले, जुगारात होतं ना तसंच.

आता परीक्षेचं ऐका. मला लिंक आली, फोनवर. मी बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्रेसरच्या खोलीत होतो, अमोनियाचा वास, आवाज एवढा की फोन कानाला दाबून धरायला लागतो. पाच विषय खरेच होते, डीसी, एसी, इलेक्ट्रिकची मशिनरी आणि सर्किट, 'परमिसिबल' मशिनरी, आणि त्यांचे नियम. पहिले दोन मी माझ्या डोक्याने सोडवले, त्याचं मला अजून बरं वाटतं. चौथ्याला अडलो. परमिसिबल म्हणजे ज्या मशिनच्या आतली ठिणगी बाहेरच्या गॅसला लागणार नाही अशी बांधलेली मशिनरी, हे मला माहीतच नाही, आमची खाण उघडी, वर आभाळ, तिथे कसला मिथेन. प्रश्न आला की कोळसा कापतात त्या ठिकाणी हवेत मिथेन किती टक्के झाला की पॉवर बंद करायची. साहेब दुसऱ्या फोनवरून सांगतोय, "एक टक्का, दोन नंबरचा ऑप्शन मारा." मी मारला.

त्या वेळी हसलो होतो. आता रात्री आठवलं की झोप उडते, कारण समजा खरोखरच गेलो असतो आणि कोणी विश्वासाने मला त्या बोगद्यात पॅनल उघडायला दिलं असतं तर? आपल्याकडे शॉक लागला तर एक माणूस जातो. तिथे एका ठिणगीने अख्खी शिफ्ट जाते. फसवला गेलो ते गेलो, पण ह्या एका गोष्टीत मी नुसता फसलेला नाही, सामील होतो, हे पण लिहितोच.

रिझल्ट आला ९२ टक्के. ८० ला पास. आणि साहेब म्हणाला ह्यात अनुभवाचे पाच मार्क धरलेत, एका वर्षाच्या वरच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पेपरात एक मार्क, जास्तीत जास्त पाच. हे पण खरं निघालं! नापास झाला असतात तरी तीस दिवसांत परत देता येतो म्हणाला, ते पण नियमात आहे. मी सांगतो, त्याच्या दहा वाक्यांतली आठ खरी होती.

कार्ड आलं पोस्टाने, लॅमिनेट केलेलं, गरुड, माझा फोटो, खाली 'लाइफटाइम व्हॅलिड'. बायकोने देवाजवळ ठेवलं.

भाची कुडाळला वकिलीचं शिकते. दिवाळीत आली तेव्हा कौतुकाने तिला सगळी फाईल दाखवली. ती तो ५०००-१ फॉर्म वाचत बसली, मी वाचला नव्हता बरं का, मी फक्त जिथे पेन्सिलने फुली मारलेली तिथे सह्या केल्या होत्या. ती म्हणाली, "मामा, ह्या रकान्यात तुम्ही सही का केली? हा इन्स्ट्रक्टरचा आहे." मी म्हटलं म्हणजे? म्हणाली हा फॉर्म उमेदवाराचा नाहीच आहे. जो मास्तर ट्रेनिंग देतो तो भरतो आणि ह्या ह्या लोकांनी ट्रेनिंग पूर्ण केलं असं सरकारला कळवतो. तुम्ही स्वतःच स्वतःला शिकवलं आणि स्वतःच पास केलं असं लिहून दिलंय.

मी चहाचा कप हातात धरून बसलो. थंड झाला तरी धरून.

मग तिने एकेक उलगडलं. लाइफटाइम वगैरे काही नसतं, क्वालिफिकेशन टिकवायचं तर दरवर्षी मंजूर असलेलं रिट्रेनिंग पूर्ण केल्याचं त्यांच्या डिस्ट्रिक्ट मॅनेजरला कळवावं लागतं. पेपर त्यांच्या सरकारने मंजूर केलेले असतात, मार्क तिकडून कळवतात, कणकवलीच्या गाळ्यातून नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हा फॉर्म भरला म्हणून नोकरी किंवा व्हिसा मिळतो असं त्यात कुठेही एक अक्षर नाही. तिथे कामाला माणूस न्यायचा तर आधी तिथल्या मालकाने त्यांच्या इमिग्रेशनकडे अर्ज करावा लागतो. फॉर्म फुकट डाउनलोड होतो, कोणीही करावा. तो भरायला अंदाजे किती वेळ लागतो ते सुद्धा त्यांच्याकडे फॉर्मवर छापतात म्हणे. आम्हाला भरायला दोन महिने आणि दोन पाटल्या लागल्या.

साहेबाला फोन लावला तर आधी "प्रोसेस चालू आहे", मग "एम्बसीत सर्व्हर डाऊन", मग नंबर बंद. कणकवलीला गेलो, गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. खालच्या चहावाल्याने मला बघून विचारलं, "तुम्ही पण अमेरिका काय?"

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, हे मला पैसे गेल्यावर कळलं. नोंदणी असलेल्या एजंटांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतात, दोन मिनिटांचं काम. साहेबाच्या भिंतीवर लायसन नंबर होता, तो पोर्टलवर टाकला तर भलत्याच राज्यातल्या भलत्याच फर्मचा. मी एकदा विचारलं होतं त्याला लायसनबद्दल, तेव्हा म्हणाला अमेरिका ईसीआर देशांच्या, म्हणजे जिथे नोकरीला जाताना सरकारची क्लिअरन्स लागू शकते अशा देशांच्या, यादीत नाही त्यामुळे लायसन लागत नाही. यादीत नाही हे खरं, पण त्याने फक्त जाणाऱ्याच्या पासपोर्टवरची क्लिअरन्स टळते, एजंटची नोंदणी टळत नाही. परत तेच, अर्धं खरं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या पण पैसे जाऊन महिने झालेले, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवायला काहीतरी हाताला लागतं. माझे पाचही हप्ते वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात यूपीआयने गेलेले, त्यातलं एकही नाव साहेबाचं नव्हतं. हप्ता भरताना स्क्रीनवर नाव येतं की हो, वाचलं होतं मी, विचारलं पण होतं, तर म्हणे अकाउंटंटचं आहे. तक्रार पोलिसात दिली, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं बघणाऱ्या केंद्राच्या मुंबईतल्या अधिकाऱ्याकडे, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे, पण लिहून पाठवली, भाचीनेच ड्राफ्ट केली. हवालदार फाईल चाळताना फॉर्मवर थांबला आणि म्हणाला, हा तर ओरिजिनल दिसतोय. म्हटलं साहेब, तेच तर सांगतोय.

साडूशी बोलणं कमी झालंय. त्याची चूक नाही, त्याने पण दिलेत तीस हजार, मुलासाठी. पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. कार्ड देवाजवळून काढलं, फेकलं नाही, पुरावा म्हणून पिशवीत ठेवलंय. आये काही बोलली नाही, फक्त परवा लाईटबिल भरून आलो तर हात पुढे केला, "पावती खय?"

तक्रारीत आता आम्ही चार जण आहोत, दोन कणकवलीचे, एक देवगडचा आणि मी. जास्त नावं आली तर पोलीस जोर लावतील असं भाची म्हणते. सावंतवाडीचा एक जण पण आहे, त्याचे दोन लाख गेलेत, रोज फोन करून काय झालं विचारतो पण सही करायला येत नाही, घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही म्हणतो, तिला वाटतंय व्हिसा येतोय.