पुढची सहल ठरवायला पृथ्वीगोल: आठ महिने वापरल्यानंतर

हा पृथ्वीगोल मी लेकीच्या अभ्यासासाठी घेतला होता. तिने तो चार दिवस गरागरा फिरवला आणि पाचव्या दिवशी उत्तर ध्रुवावर आपली टोपी अडकवली. टोपी अजूनही तिथेच असती, पण त्याच सुमारास घरात 'यंदा कुठे जायचं' हा विषय निघाला आणि गोल जेवणाच्या टेबलावर आला तो आलाच. म्हणून हे परीक्षण अभ्यासाच्या वस्तूचं नाही. पुढचं ठिकाण शोधायला तो किती कामाचा आहे, एवढंच लिहिते.

आधी वस्तू. व्यास ३० सेंटिमीटर, आत दिवा, बाहेरचा पृष्ठभाग उठावाचा, म्हणजे डोंगर बोटाला लागतात. दिवा बंद असताना देश आणि सीमा दिसतात, लावला की सीमा फिक्या पडून वाळवंटं, जंगलं, पर्वतरांगा वर येतात. अक्ष साडेतेवीस अंश कललेला, जसा असायला हवा तसा. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीचे गोल बरेच जण बनवतात आणि पुढे ज्या खोडी सांगणार आहे त्या एकट्या कुणाच्या माथी मारायच्या नाहीत.

आमच्याकडे ठिकाण ठरतं कसं ते सांगायला हवं, नाहीतर गोलाचं कौतुक उगाच वाटेल. चौघांच्या हातात चार फोन. नवरा तिकिटांच्या मागे. स्कायस्कॅनर या विमानाची तिकिटं शोधायच्या साइटवर 'कुठेही' असा पर्याय टाकला की स्वस्तापासून महागापर्यंत यादी येते, ती तो वरून खाली वाचतो. मी फोटो बघते. लेक मी बघितलेले फोटो बघते. सासूबाई शेवटी एकच प्रश्न विचारतात, "तिथे बसायला काय आहे?" आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

फोटोंची गंमत अशी की एकदा एक बघितला की तसेच शंभर येतात. गेल्या वर्षी मी हालश्टाटच्या मागे लागले होते. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं गाव, डोंगर, उंच निमुळत्या मनोऱ्याचं चर्च. मग वाचनात आलं की गावात राहणारी माणसं आठशेच्या आत आणि गर्दीच्या दिवशी येणारे पाहुणे दहा हजारांपर्यंत. २०२३ मध्ये गावाने सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपणच उभारलं होतं, ओरडा झाल्यावर काढलं. चीनमध्ये तर या गावाची प्रतिकृतीही आहे, २०१२ पासून. माझा उत्साह तिथेच मावळला. मला गावाला भेटायचं होतं की त्या फोटोला, हेच मला सांगता येईना.

तर गोल. पहिला खेळ लेकीचा: गोल फिरवायचा, डोळे मिटायचे, बोट ठेवायचं. अजिबात उपयोगाचा नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे हे पाठ होतं, पण दहातली सात बोटं समुद्रात पडायला लागली तेव्हा ते पटलं. एकदा अंटार्क्टिका आला आणि सासूबाई म्हणाल्या, "स्वेटर पुरेल का?"

दुसरा खेळ मात्र आमचं सगळं ठरवून गेला. नवऱ्याच्या यादीत फ्लॉरेन्स होतं. मी सहज फ्लॉरेन्सवर बोट ठेवलं आणि अक्षवृत्ताच्या रेषेने उजवीकडे सरकवायला लागले. ४३ आणि ४४ अंशांमधली पट्टी. अ‍ॅड्रियाटिक ओलांडून बाल्कन, काळा समुद्र, त्याच्या काठचं सोची, मग कॅस्पियन, मग कझाकस्तानचा न संपणारा विस्तार आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्यात अल्माटी. पुढे चीनमधलं उरुम्ची, गोबीचं वाळवंट, व्लादिवोस्तोक, जपानचं साप्पोरो. पॅसिफिक पार करून अमेरिका, टोरोंटो. अटलांटिक पार करून स्पेनचा उत्तर किनारा, फ्रान्समधलं नीस आणि परत फ्लॉरेन्स.

नीसला समुद्रकाठी ताडामाडांची झाडं आणि साप्पोरोत फेब्रुवारीत बर्फाच्या शिल्पांचा महोत्सव, दोन्ही एकाच पट्टीत! फोनवर हे कधीच दिसलं नसतं, कारण नीस शोधणाऱ्याला फोन साप्पोरो दाखवत नाही. का असं, हे लेकीला सांगताना दिवा लावला. नीसच्या पाठीशी आल्प्स, पुढ्यात उबदार भूमध्य समुद्र. साप्पोरोवर हिवाळ्यात सायबेरियाचा गार वारा येतो, वाटेत जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि बर्फ करून टाकतो. तिला कळलं की नाही माहीत नाही, पण 'मग अल्माटीला काय होतं?' हा प्रश्न तिचाच.

दिवा लावल्यावर अल्माटीचा ठिपका अगदी उठावाच्या पायथ्याशी दिसतो. वरच्या बाजूला सपाट पिवळसर मैदान, खालच्या बाजूला तिएन शान पर्वतरांगेचा तपकिरी कंगोरा. बोटाला एकदम खरखर लागते. हा उठाव अर्थातच थापाड्या आहे. या मापाच्या गोलावर एव्हरेस्ट प्रमाणात दाखवायचं तर ते ०.२ मिलिमीटर भरेल, नखालाही लागणार नाही. माझ्या गोलावर ते दोनेक मिलिमीटर आहे, म्हणजे दहापट फुगवलेलं. पण या थापेने मला जिथे थांबवलं तिथे थांबण्यासारखं खरंच होतं.

इथून पुढे गोलाचं काम संपलं आणि पडद्याचं सुरू झालं. गुगल अर्थवर मैदानापासून वर चढत गेलो. शहरापासून जवळ मेदेउ हे बर्फावर स्केटिंग करायचं मोठं मैदान, १,६९१ मीटर उंचीवर. तिथून केबल कार वर शिम्बुलाक या स्कीइंगच्या ठिकाणी जाते. सासूबाईंच्या प्रश्नाला पहिल्यांदाच चांगलं उत्तर मिळालं: बसायला पाळणा आहे. (मेदेउजवळ चिखलाच्या लोंढ्यांपासून शहर वाचवायला बांधलेला बांध आहे आणि त्याला ८४२ पायऱ्या आहेत. तो आकडा नवऱ्याने मोठ्याने वाचायला नको होता.) पूर्वेकडे चारिनची दरी. आणि काइंडी तळं, ज्याने माझा निकाल लावला. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून दरी अडली, पाणी साठलं आणि त्यात उभं जंगल बुडालं. स्प्रूसची खोडं अजून पाण्याबाहेर सरळ उभी आहेत, जहाजांच्या डोलकाठ्यांसारखी. रस्ता लांबचा आणि शेवटचा तुकडा खडबडीत, त्यामुळे सासूबाई त्या दिवशी शहरातच राहतील असं ठरलंय. ठरवलं त्यांनीच.

हवामानासाठी महिन्यांची तक्ती पाहिली. अल्माटीत एप्रिल-मे पावसाचे, जुलै तापलेला, सप्टेंबर कोरडा आणि सुसह्य. गावात फिरायचं कसं, कुठली वस्ती राहायला बरी, याला विकिव्हॉयेज ही प्रवासाची मोफत साइट पुरली. व्हिसाची माहिती मात्र मी त्या त्या देशाच्या सरकारी पानावरच बघते, बाकी कुणावर विश्वास ठेवत नाही.

प्रतिस्पर्धी एकच उरला होता, अझोर्स. तोही गोलानेच सुचवला. अटलांटिकच्या मधोमध काही ठिपके दिसले, म्हटलं ही घाण आहे का छपाई? छपाई होती. पोर्तुगालची नऊ बेटं. पोर्तुगालमधलं सर्वांत उंच शिखर मुख्य भूमीवर नाही, इथल्या पिको बेटावर आहे, २,३५१ मीटर. फुर्नासला गरम पाण्याचे झरे, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेही वजनदार मत. तिथली हवा एका दिवसात चार रंग दाखवते असं सगळीकडे वाचलं आणि ते पुढच्या खेपेसाठी ठेवलं.

अंतर मोजायला आम्ही सासूबाईंच्या लोकरीचा धागा वापरला. या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. धागा ताणून धरला की तो आपोआप सर्वांत जवळचा रस्ता पकडतो, आणि तो रस्ता भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा नसतोच. सिंगापूर ते न्यूयॉर्क धागा लावून बघा: ३६ सेंटिमीटर भरतो आणि जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. प्रत्यक्षात विमानं वाऱ्याप्रमाणे वाट बदलतात. पण साधारण पंधरा हजार तीनशे किलोमीटर आणि अठरा-एकोणीस तास खुर्चीत म्हणजे काय, हे त्या धाग्याने घरच्यांना जितकं कळलं तितकं कुठल्याही तिकिटाने कळलेलं नाही. आमच्या घरात आता 'किती तास' असं कुणी विचारत नाही, 'किती धागा' असं विचारतात.

आणखी एक उपयोग: ऋतू. खोली अंधारी करून विजेरी गोलावर धरायची आणि गोल कललेल्या अक्षासह विजेरीभोवती नेऊन दाखवायचा. उत्तर ध्रुव उजेडाकडे झुकला की नॉर्वेतलं ट्रॉम्सो, ६९ अंशांच्या वरचं, कितीही फिरवलं तरी अंधारात जात नाही. तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, हे वाचून कळतं, पण असं बघितल्यावर महिना निवडताना चूक होत नाही. याच प्रयोगात विजेरी पडून फुटली. ते गोलाच्या खात्यावर लावत नाही.

आता तक्रारी. सर्वांत मोठी म्हणजे विषुववृत्तावरचा सांधा. दोन अर्धगोल चिकटवून हा बनवलाय आणि माझ्याकडच्या नगात वरचा भाग खालच्यापेक्षा दोनेक मिलिमीटर सरकलाय. म्हणजे पृथ्वीवर ८५ किलोमीटर! बोर्निओची वरची आणि खालची बाजू जुळत नाही, तिथलं पोंतियानाक शहर अर्धं कापलं गेलंय. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या देशातलं साओ तोमे बेट तर सांध्याच्या पट्टीखालीच गेलंय, नाव तेवढं समुद्रात तरंगतंय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचा विचार असणाऱ्याने दुकानात सांधा आधी बघून घ्यावा. मी तिथे नुसता दिवा लावून बघितला होता.

दुसरी, नकाशा शिळा. खोक्यावर वर्ष छापलेलं नाही, पण काढता येतं. दक्षिण सुदान आहे, म्हणजे २०११ नंतरचा. एस्वातिनीच्या जागी त्या देशाचं जुनं नाव स्वाझीलंड आहे, म्हणजे २०१८ पूर्वीचा. कझाकस्तानची राजधानी मात्र अस्ताना अशी अचूक आहे. मधल्या काळात, २०१९ मध्ये, तिचं नाव नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना, त्यामुळे बिचारा गोल काही न करता पुन्हा खरा ठरला. अल्माटी ही १९९७ पर्यंत राजधानी होती, तो घोळ आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळच्या नकाशासंग्रहाने घातला.

तिसरी गोष्ट तक्रार आहे की गुण, हे मला ठरवता आलेलं नाही. गोलावर जिथे जागा रिकामी तिथे बारीकसारीक वस्त्यांनाही नावं मिळतात. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं इत्तोक्कोर्तूर्मीत, जिथे साडेतीनशेच्या आसपास माणसं राहतात, ते ठळक अक्षरांत. आणि युरोपात दाटी म्हणून ब्रातिस्लावा, एका देशाची राजधानी, गायब. गोलावर विसंबून शहर निवडाल तर आपोआप रिकाम्या प्रदेशाकडे ओढले जाल. मला ते आवडलं. ज्यांना संग्रहालयं, नाटकं, रात्रीचे दिवे हवेत त्यांना नाही आवडणार. चार शहरांची सुट्टी आखणाऱ्याने गोल घेऊच नये, युरोपचा एक चांगला घडीचा नकाशा घ्यावा. ज्यांच्याकडे दोन-तीनच दिवस आहेत त्यांनाही याचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी सगळं जग अर्ध्या बोटाच्या पेरात संपतं.

बाकी किरकोळ. अक्षरं बारीक आहेत, सासूबाई भिंग घेऊन बसतात. दिव्याची वायर तोकडी, त्यामुळे गोल टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर राहू शकतो आणि तिथे बसणारा माणूस आपोआप बैठकीचा अध्यक्ष होतो. पृष्ठभाग उठावाचा असल्याने धूळ हिमालयात अडकते, जुन्या दात घासायच्या ब्रशने निघते.

पाचपैकी साडेतीन तारे. सांधा सरळ असता तर चार दिले असते.

तिकिटं सप्टेंबरची काढली आहेत. लेकीने अल्माटीवर लाल टिकली चिकटवली होती, पण ती मोठी होती आणि तिच्याखाली निम्मं किरगिझस्तान झाकलं गेलं. परवा टिकली काढली तेव्हा खाली इसिक-कुल नावाचं भलंमोठं निळं तळं निघालं, अल्माटीपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. नवरा तेव्हापासून पुन्हा धागा शोधतोय.