थबकणाऱ्या स्ट्रायकरचे मोल : प्रो इव्होल्यूशन सॉकरमधील बुत्रागेन्यो

प्रो इव्होल्यूशन सॉकर २०२१ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये जुन्या काळातील संघ बसवता यावेत म्हणून चाहत्यांनी तयार केलेली एक फाइल मी गेल्या महिन्यात पीएस-फोरवर (प्लेस्टेशन ४ या गेम-यंत्रावर) घेतली, आणि तेव्हापासून इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरी मावसभावाबरोबर खेळताना मी मुख्यतः एकाच खेळाडूला पारखत आलो आहे. तो खेळाडू म्हणजे ऐंशीच्या दशकातील स्पेनचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा, एमिलियो बुत्रागेन्यो. फाइल करणाऱ्यांनी जुने सामने पूर्ण पाहिले आहेत, की केवळ गोलांच्या याद्या वाचल्या आहेत, हे त्याच्या रेटिंगवरून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणावरून कळेल, म्हणून हे परीक्षण त्याच्यापुरतेच ठेवले आहे.

फाइलने त्याला फिनिशिंगमध्ये, म्हणजे संधीचे गोलात रूपांतर करण्यात, ९६ आणि वेगात ९१ दिले आहेत, तर टाइट पझेशनमध्ये, म्हणजे अडचणीच्या जागी चेंडू पायाशी राखण्यात, केवळ ८४. या आकड्यांचे मूळ उघड आहे. १८ जून १९८६ रोजी मेक्सिकोतील केरेतारो येथे विश्वचषकाच्या बाद फेरीत स्पेनने डेन्मार्कला ५-१ असे हरवले आणि त्यांतील चार गोल एकट्या बुत्रागेन्योचे होते. मात्र तो सामना लक्ष देऊन पाहिला, तर पहिला गोल डेन्मार्कच्या येस्पर ओल्सेनने मागे दिलेल्या चुकीच्या पासचा अंदाज आधीच घेतल्यामुळे झालेला दिसतो, दुसरा हेडरने झालेला दिसतो आणि चौथा पेनल्टीवर. स्पेनला त्याआधी मिळालेली आणखी एक पेनल्टीही त्यालाच पाडल्यामुळे मिळाली होती आणि ती त्याचा सहकारी गोइकोचेआने मारली. यात त्याची हुशारी, जागेची जाण आणि बचावपटूंची उडालेली तारांबळ दिसते. कोठूनही जाळे फाडणारा नेमबाज दिसत नाही.

रेआल माद्रिद या क्लबसाठी स्पॅनिश लीगमधील ३४१ सामन्यांत त्याने १२३ गोल केले, आणि लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान त्याला एकदाच, १९९०-९१ मध्ये, १९ गोलांवर मिळाला. त्याच संघात त्याच्या शेजारी हुगो सांचेझ होता, ज्याने १९८९-९० या एकाच हंगामात ३८ गोल केले. बुत्रागेन्योला ९६ दिल्यावर सांचेझला काय द्यायचे, हा प्रश्न फाइल करणाऱ्यांना पडायला हवा होता. मी फिनिशिंग ८८ वर आणले. यात त्याचा मान कमी होतो असे मला मुळीच वाटत नाही, कारण त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे.

तो थबकत असे. पेनल्टी क्षेत्रात, जिथे इतर स्ट्रायकर घाईने पाय फिरवतात, तिथे बुत्रागेन्यो चेंडू पायाशी घेऊन क्षणभर पूर्ण थांबे. समोरचा बचावपटू आणि गोलरक्षक दोघेही त्याच्या पुढच्या हालचालीची वाट पाहत जागीच खिळत, आणि त्यांच्यापैकी कोणाचा तोल किंचित ढळला की तो लहान पावलांनी त्याच बाजूने निसटे. स्पॅनिशमध्ये याला ‘पाउसा’ म्हणतात. आपल्याकडे खो-खो पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही : ऐन धावेत हूल देऊन थांबणाऱ्या खेळाडूच्या पुढे पाठलाग करणारा स्वतःच निघून जातो. कादिझ या स्पॅनिश संघाविरुद्ध १९८७ मध्ये गोलरेषेच्या अगदी कडेने बचावपटूंना चकवत त्याने केलेला गोल हा या कलेचा उत्तम नमुना आहे, आणि ज्यांना त्याचे रेटिंग ठरवायचे आहे त्यांनी केरेतारोच्या आधी तो पाहावा.

थांबण्याला या गेममध्ये स्वतंत्र आकडा नाही, पण तो परिणाम साधता येतो. मी टाइट पझेशन ९५, बॅलन्स ९० आणि अॅक्सिलरेशन ९२ केले, वेग मात्र ८४ वर उतरवला. कारण त्याची चपळाई पहिल्या दोन-तीन पावलांची होती, लांब धावेची नव्हती. खेळण्याची शैली ‘फॉक्स इन द बॉक्स’, म्हणजे पेनल्टी क्षेत्रातच दबा धरून बसणारा, अशी दिलेली होती, ती बदलून ‘क्रिएटिव्ह प्लेमेकर’, म्हणजे इतरांसाठी संधी निर्माण करणारा, अशी केली. त्यानंतर धावण्याचे बटण सोडून त्याला उभा करताच मावसभावाचा बचावपटू पुढे सरकू लागला आणि बाजूला वाट मोकळी होऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी तसे तीन वेळा घडले, आणि तिन्ही वेळा शेवटचा पास सांचेझला देणेच योग्य ठरले. हे मला फार खरे वाटले.

हेडिंगचे ६० मला पटत नाहीत. त्याची उंची १७० सेंटिमीटरच होती हे खरे, पण डेन्मार्कविरुद्धचा दुसरा गोल डोळ्यांसमोर असताना मी ७२ पेक्षा खाली जाणार नाही. उडी कमी ठेवावी, हेडिंग नव्हे. अॅग्रेशनही बरेच खाली आणले, कारण मैदानावरील सभ्यतेसाठी तो ओळखला जाई. चेहरा आणि केस मात्र फार निगुतीने केले आहेत आणि त्याबद्दल फाइल करणाऱ्यांचे मनापासून कौतुक करायला हवे. १९८८ मध्ये टोपो सॉफ्ट या स्पॅनिश कंपनीने त्याच्याच नावाचा फुटबॉलचा गेम घरगुती संगणकांसाठी काढला होता. त्या काळच्या मोजक्या ठिपक्यांच्या आकृतीपासून आजच्या या चेहऱ्यापर्यंतचे अंतर पाहून मला खरोखर आनंद झाला.

माझ्या हिशेबाने त्याचे एकूण रेटिंग ८९ असावे. फाइल विनामूल्य आहे आणि घेण्यासारखी आहे, परंतु बुत्रागेन्योला खेळवण्यापूर्वी एडिट मोडमध्ये, म्हणजे गेममधील आकडे बदलण्याच्या विभागात, अर्धा तास जरूर द्यावा. तिथे असतानाच आणखी एक दुरुस्ती करावी : स्पेनच्या संघातही त्याला क्लबचा ७ नंबर दिला आहे, तर १९८६ च्या विश्वचषकात त्याच्या पाठीवर ९ होता.