कच्चा काजू: कंबोडियातून थेट, की व्हिएतनामच्या ट्रेडरकडून?

चंदगड-आजऱ्याकडच्या दोघा-तिघा कारखानदारांनी एवढ्यात हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी दोन्ही करून बघितलंय, आधी दोन हंगाम कंबोडिया आणि मग व्हिएतनाम. आउटटर्न (बीतून गर किती निघतो), ओलावा, नट काउंट (किलोला बिया किती) तुम्हाला माहितीच आहे, ते सोडतो.

बी कुणाची चांगली म्हणाल तर कंबोडियाची, निदान माझ्या पोत्यांवरून तरी. तिथल्या कंपोंग थोम प्रांतातली एम-२३ जातीची बी मुठीत घेतली की कळतं, ठसठशीत, आत गर भरलेला. आमच्या कटिंगच्या बायकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "मालक, दरवर्षी ह्योच माल आणा." व्हिएतनामच्या ट्रेडरकडे आफ्रिकेचा माल असतो, कंबोडियाचा असतो, थोडा त्यांचा स्वतःचा असतो, तेव्हा पोत्यात नक्की काय आलंय ते लोडिंगच्या आधी आपला माणूस पाठवून कापून बघावंच लागतं. लहानमोठी बी मिसळली की मशीनवर तुकडा किती पडतो ते सांगायला नको.

पण गंमत अशी की कंबोडियात जाऊनसुद्धा भाव व्हिएतनामचाच. तिथली बहुतेक सगळी बी कच्चीच बॉर्डरपार जाते, त्यामुळे काट्यावरचा माणूस तुमच्याशी बोलता बोलता फोनवर पलीकडचा रेट विचारत असतो आणि तुमच्या रेटवर नुसती मान हलवतो. सरकारला हे कळतं, २०२२ च्या काजू धोरणात २०२७ पर्यंत निदान २५ टक्के बी देशातच फोडायची असं ठरवलंय. बंदराचं पण तसंच. नॉम पेन्हच्या नदीबंदरातून कंटेनर निघाला तरी मेकाँगनं व्हिएतनाममधून जाऊनच समुद्र गाठतो. म्हणून तर व्हिएतनाम टाळून थेट समुद्राला जाणारा तो फुनान तेचो कालवा, १८० किमी, ऑगस्ट २०२४ ला नारळ फुटला. कंबोडियाचं समुद्रावरचं सिहानुकविलचं बंदर मात्र आहे, ते जपानच्या कर्जातून वाढवलेलं, मी तिथूनच माल काढायचो.

आता खरी कटकट. कंबोडियात डॉलर चालतो, १९९२-९३ ला युनोची माणसं आली तेव्हापासून रुळलाय तो, आणि आपल्याला सुरुवातीला बरंच वाटतं, हिशोब सोपा. पण नोट स्वच्छ पाहिजे! एका ऑफिसात कागदावर शिक्का हवा होता, मी वीस डॉलरची नोट दिली, तिथल्या बाबानं ती उन्हाकडे धरली, कोपऱ्याला सूतभर फाटलेली, लगेच परत. नोट दुसऱ्याच्या देशातली, फाटकी नोट तिथं कुणी बदलून देणार नाही, म्हणून कुणीच घेत नाही. (आपल्याकडे भाजीवाली मावशी चिकटपट्टी लावलेली दहाची पण घेते.) दुसरी कोरी नोट दिली आणि पावती मागितली तर बाबा हसला. नोट एवढी निरखून बघणारा माणूस, पण पावती म्हटलं की हसतो! बरं, रक्कम ठरलेली असती तरी चाललं असतं, पण पहिल्या कंटेनरला वीस, दुसऱ्याला पस्तीस, तिसऱ्याला एजंटनंच परस्पर देऊन बिलात "इतर खर्च" म्हणून लावलं. रक्कम लहान आहे हो, पण माझी कॉस्टिंग शीट कधी बंदच होईना आणि कोल्हापुरात सीए विचारतो व्हाउचर कुठाय.

व्हिएतनाममध्ये साधू लोक बसलेत असं नाही. एकाच पक्षाचं राज्य आहे, कागद जास्त, उत्तर उशिरा, आणि भाव चढला की ट्रेडरला अचानक जहाज मिळत नाही. पण २०२२ च्या जुलैपासून तिथं ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे ट्रकचं असो गोडाऊनचं असो, प्रत्येक खर्चाला नंबर असलेलं बिल येतं. नशीब म्हणा, पण माझ्याकडे अजून एकही बिनपावतीचा खर्च आलेला नाही.

एक मात्र बघा, कंबोडियाचा माल व्हिएतनाममधून लोड केला म्हणून तो व्हिएतनामचा होत नाही. ड्यूटीत सवलत मागायची असेल तर ओरिजिनचे, म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा ते दाखवणारे कागद लागतात आणि आपल्या कस्टम्सच्या २०२० च्या कारोटार नियमांपासून ती माहिती आयातदारानंच, म्हणजे आपणच ठेवायची आहे.

ज्यांच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल कंपोंग थोमला बसायला घरचा माणूस असेल त्यांनी खुशाल कंबोडिया करावं, बी खरंच सुंदर आहे. मला ते जमत नाही, कारण तेव्हाच आपल्या भागातली खरेदी सुरू असते आणि काट्यावर मीच लागतो. म्हणून मी आता कंबोडियाचीच एम-२३ व्हिएतनामच्या ट्रेडरकडून घेतो, काँट्रॅक्टमध्ये "मिक्स चालणार नाही" असं लिहून घेऊन. सवलत जाते, ट्रेडरचं कमिशन वर पडतं, पण सीएचा फोन येत नाही.