नोक्टन ४० मिमी एफ/१.४ : आठ महिने, एकतीस रोल, ॲपर्चर पूर्ण उघडं

गणपतीच्या आठ दिवस आधी हा कॅमेरा घरी आला आणि आता अक्षय्य तृतीया होऊन गेली. कॅमेरा व्हॉइग्टलँडरचा बेसा आर३ए, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर; लेन्स त्यांचीच नोक्टन क्लासिक ४० मिमी एफ/१.४. दोन्ही जपानच्या कोसिनाने बनवलेली, मी दोन्ही वापरलेलीच घेतली. बेसा आर३ए २००४ साली आला, म्हणजे फिल्मच्या जगात तसा हा तरुणच.

घेण्याचं कारण जुन्या नाशकातलं आत्याचं घर. वाड्याचं माजघर, एकच झरोका, दुपारी चारलाही दिवा लागतो. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या झूमचं ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) तिथे एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नव्हतं आणि आत्याचे हात दर वेळी हलून यायचे. एफ/१.४ म्हणजे एफ/५.६ च्या सोळा पट प्रकाश. एवढा एकच हिशोब करून पैसे मोजले.

पहिल्या तीन रोलांत आत्याचा कान अप्रतिम आला. डोळे नाहीत.

चूक लेन्सची नव्हती. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. ॲपर्चर एफ/१.४ असो की एफ/१६, त्या खिडकीत सगळंच लख्ख दिसतं. आत्याही स्पष्ट, मागची फडताळंही स्पष्ट, झरोक्यातून दिसणारी शेजारची गच्चीही स्पष्ट. काय धूसर होणार हे रोल धुतल्यावरच कळतं. एसएलआरवर, म्हणजे आरशाने थेट लेन्समधलं दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर, ज्याचा हात बसला आहे त्याला हे फार जड जातं, कारण तिथे लेन्स उघडी असतानाच आपण बघत असतो आणि धूसरपणा समोरच असतो. इथे तो डोक्यात ठेवावा लागतो, आणि डोक्यात ठेवायचा तर अंतर आकड्यात कळलं पाहिजे. ४० मिमीला एफ/१.४ वर एक मीटरवर साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा पट्टा नेटका येतो. ०.७ मीटरवर, म्हणजे या लेन्सच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर, जेमतेम अडीच. तीन मीटरवर गेलात तर जवळजवळ अर्धा मीटर मिळतो. हे तीन आकडे पाठ झाले त्या दिवसापासून माझे फोटो सुधारले. माझा हात पुढे ताणला की डोळ्यापासून बोटांच्या टोकापर्यंत बरोबर ०.७ मीटर भरतात. आता कुणाशी बोलतानाही मनात अंतर मोजलं जातं.

दुसरी चूक कळायला दिवाळी उजाडली. पॅच, म्हणजे फोकस लावताना दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायचा छोटा तुकडा, चौकटीच्या मधोमध असतो. डोळ्यावर पॅच जुळवायचा आणि मग चेहरा बाजूला घ्यायला कॅमेरा वळवायचा, हे सगळेच करतात. पण एक मीटरवर कॅमेरा पंधरा अंशांनी वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. पट्टाच पाच सेंटिमीटरचा, त्यातला डोळ्यामागचा भाग अडीच. म्हणजे डोळा गेला, कान आला! यावर उपाय अंगाने करायचा: वळवल्यावर शरीर किंचित मागे न्यायचं, तीनेक सेंटिमीटर, बस. वाचताना हास्यास्पद वाटेल, पण दहा-बारा रोलांनंतर हे आपोआप होतं.

पॅचबद्दल आणखी एक. त्यातली दुहेरी प्रतिमा आडवी सरकते, त्यामुळे त्याला उभी रेघ लागते. नथीचा मोती, चष्म्याची उभी कडा, कुंकवाची कड, दाराची चौकट, यांवर तो चटकन जुळतो. पदराचा आडवा काठ त्याला काहीच सांगत नाही. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला द्रोणातल्या दिव्याची ज्योत यासाठी सगळ्यात चांगली, अंधारातही पॅच तिच्यावर क्षणात बसतो. ४०० च्या (आकडा मोठा तेवढी कमी उजेडात चालणारी) फिल्मवर तिथे एफ/१.४ आणि १/३० सेकंदाचा शटरवेग मिळतो. कॅमेऱ्यात आरसाच नाही, तेव्हा तो उडण्याचा झटका नाही, आणि घाटाच्या पायरीवर कोपर टेकवलं तर १/१५ लाही माझे निम्मे फोटो नीट येतात. शटर मात्र धातूचं आहे आणि त्याचा टक्क आवाज लपत नाही. आरतीच्या घंटेत तो कुणाला ऐकू जात नाही एवढंच.

ज्यासाठी ही जोडी मला आवडू लागली ती जागा म्हणजे तांबट लेन. एका दुकानात आजोबा हंड्यावर मठारकाम करत होते, तांब्यावर एकाशेजारी एक ठोके. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले, "काढ की, पण मला थांबायला सांगू नको." उजेड फक्त दारातून. व्ह्यूफाइंडर १:१ आहे, म्हणजे त्यात सगळं नुसत्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून एका डोळ्याने चौकट आणि दुसऱ्याने सगळं दुकान बघता येत होतं. हातोडी वर जाताना दिसायची, तेवढ्यात बोट दाबायचं. हातोडी खाली आली की ती ठरावीक जागी थांबते, त्यामुळे फोकस हंड्याच्या कडेवर एकदाच लावून ठेवला आणि कॅमेरा डोळ्यावरून काढलाच नाही. त्या रोलातले सहा फोटो मी मोठे करून घेतले. हंड्यावरचा एक ठोका धारदार, त्याच्या मागचे दहा-बारा हळूहळू विरघळत गेलेले, आणि आजोबांची बोटं मधल्या पट्ट्यात. झूमने हे होणं शक्य नव्हतं.

चष्मेवाल्यांना सावध करतो: मलाही चष्मा आहे आणि ४० ची चौकट एका नजरेत मावत नाही. कडा बघायला डोळा फिरवावा लागतो.

पूर्ण उघडल्यावर ही लेन्स दिव्यांभोवती मऊ वलय देते. काहींना तो दोष वाटतो, मला आरतीच्या फोटोंत तो हवा असतो. पण ज्या कारणाने वलय येतं त्याच कारणाने दुसरी अडचणही येते. लेन्सच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. ॲपर्चर थोडं मिटलं की कडेचे किरण गळतात, वलय जातं, आणि फोकस किंचित मागे सरकतो. गच्चीवर तिरकी पट्टी ठेवून एक अख्खा रोल यात घातला. माझ्या नगावर एफ/१.४ अचूक आहे आणि एफ/२.८ ला फोकस मागे पडतो. एफ/५.६ ला पट्टा इतका रुंद होतो की फरक झाकला जातो. त्यामुळे जवळच्या चेहऱ्याला मी एफ/२ ते एफ/२.८ वापरतच नाही. मागची पार्श्वभूमीही नेहमी गोड नसते: पानांची दाटी असेल तर प्रत्येक फांदी दुहेरी होऊन डोळ्यात टोचते. सपाट भिंतीसमोर उभं करा, मग छान.

उन्हात एफ/१.४ चा हट्ट मी सोडला. या कॅमेऱ्याचं शटर १/२००० च्या पुढे जात नाही. भर उन्हात ४०० च्या फिल्मला तेवढ्या वेगाला एफ/८ च्या आसपास लागतं. १०० ची फिल्म आणि तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड आठपट कमी करणारा, एनडी फिल्टर लावला तर जमतं, आणि इथे रेंजफाइंडरचा खरा फायदा म्हणजे फिल्टर लावूनही खिडकी अंधारत नाही. पण मला तशी गरज चार-पाचदाच पडली. मागचं धूसर करायचं एवढंच हवं असेल तर एसएलआर घ्यावा, तिथे निदान दिसतं तरी.

एक मोठा त्रास झाला. जानेवारीत त्र्यंबकला दुचाकीच्या डिकीत कॅमेरा नेला, आणि परत आल्यावर पांडवलेण्यांच्या दिशेचा लांबचा टॉवर अनंतावर (फोकसच्या सगळ्यात लांबच्या टोकावर) जुळेना. रेंजफाइंडरची रचना हलली होती. एका दुरुस्तीवाल्याने आडवी जुळवणी केली, पण उभी तशीच सोडली आणि पैसे पूर्ण घेतले. दुसऱ्याकडे नेऊन तेही करून घेतलं. मधले तीन रोल वाया गेले, त्यांत आत्याच्या पंचाहत्तरीचाही एक होता. तेव्हापासून कॅमेरा गळ्यात असतो, डिकीत नाही, आणि दर रविवारी गच्चीवरून तो टॉवर बघतो. बेसाच्या रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, ३७ मिमीचा आहे, एफ/१.४ ला तो पुरतो, पण जरा हललं की पुरत नाही.

शटर विजेवर चालतं, एलआर४४ चे दोन सेल खिशात हवेतच, ते गेले की काहीच चालत नाही. रोल घरीच धुतो: एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना अकरा मिनिटं. थंडीत पाणी कोमट करावं लागायचं, आता एप्रिलपासून बर्फाच्या परातीत डबा ठेवतो.

आत्याचे हात आता नीट येतात. परवा ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती, मी समोर पाटावर बसलो, एक मीटर, झरोका डावीकडे, १/६०. तिने वर बघितलंच नाही.