मॉरिशसमधली उसाची जमीन: ऊस ठेवावा, भाजी लावावी की प्लॉट पाडावेत?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले, तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांनी कडेकडेची जमीन तुकड्यांनी विकायला काढली. गिरमिटावर आलेल्या भारतीय मजुरांनी गाठीला बांधलेल्या पैशातून ती घेतली. त्यांत रत्नागिरीकडून गेलेली मराठी माणसंही होती. अशी दोन-चार आर्पां जमीन (आर्पां म्हणजे एकराहून किंचित मोठं) वाट्याला आलेल्या घरांपुढे आता तिचं काय करायचं हा प्रश्न आहे.

परिस्थिती झपाट्याने बदलली आहे. 1975 च्या करारामुळे युरोप दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर हमीभावाने घेत असे. 2006 पासून हा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला गेला आणि 2009 मध्ये करारच संपला. कपात सुरू झाली तेव्हा उसाखाली 70 हजार हेक्टरच्या आसपास क्षेत्र होतं. आज ते 40 हजारांच्याही खाली आहे. कारखाने तीनच उरले.

तरीही ऊस मोडीत काढण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा लागण केली की सहा-सात वर्षं खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) घेता येतो. चक्रीवादळात ऊस लोळतो, पण बुडखा जिवंत राहतो. चिपाडापासून वीज होते आणि तिचाही मोबदला शेतकऱ्याला मिळतो. लहान उत्पादकांना पहिल्या 60 टन साखरेपर्यंत सरकारी हमीभाव आहे. खरी अडचण तोडणीची आहे. मजूर मिळत नाहीत आणि बेसॉल्टचे धोंडे विखुरलेल्या रानात यंत्र शिरत नाही. धोंडे काढायचा खर्च एकट्यादुकट्याला झेपत नाही; शेजारच्या बांधकऱ्यांनी मिळून केला तरच परवडतो.

भाजीत पैसा लवकर हाती येतो. देशाला लागणाऱ्या अन्नापैकी जवळपास तीन चतुर्थांश बाहेरून येतं, तेव्हा टोमॅटो, वांगी, मिरचीला घरचंच गिऱ्हाईक आहे. पण पाणी बघा. बेटाच्या मध्यावरच्या क्युरपीपच्या पठारावर पाऊस धो-धो पडतो, तर पश्चिम किनारा त्याच्या पावपटीवर भागवतो. तिथे सिंचनाशिवाय भाजीच्या वाटेला जाऊ नये. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीतलं एखादं वादळ सगळं पीक एका रात्रीत झोपवतं. अननस जास्त सोसतो आणि व्हिक्टोरिया जातीला परदेशातही मागणी आहे, मात्र उतारावर लावला तर माती वाहून जाते.

दोन्हींच्या मधली एक जुनी वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. नव्या लागणीच्या सरींमध्ये बटाटा घ्यायचा, स्पुंटासारखी जात. ऊस पसरून जमीन झाकेपर्यंत बटाटा निघालेला असतो, खुरपणी दोन्हींना एकच आणि लागणीचा बराच खर्च तिथेच सुटतो. दर खोडव्यात हे जमत नाही, म्हणून जमीन दोन-तीन भागांत वेगवेगळ्या वर्षी नव्याने लावावी.

पडीक ठेवणं हा पर्याय नव्हेच. वारस पाच, त्यातले दोन फ्रान्सला, एक लंडनला. सह्या जमत नाहीत आणि रानात झुडपं माजतात. असं असेल तर शेजाऱ्याला लेखी कराराने कसायला द्या.

राहिली विक्री. 2002 पासून परदेशी खरेदीदारांसाठी बंगल्यांच्या योजना आल्या, 2015 मध्ये स्मार्ट सिटीची. किनाऱ्याजवळचे भाव पाहिले की शेतीचं उत्पन्न त्यापुढे काहीच वाटत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा कर्जापायी कोणी विकलं, तर मी त्याला दोष देणार नाही. पण बेटाची लांबी जेमतेम 65 किलोमीटर आहे. आज विकलेल्या पैशात उद्या तेवढीच जमीन मिळणार नाही. विकायचंच झालं, तर रस्त्यालगतचा खडकाळ तुकडा काढा आणि पाण्याजवळचा राखा. उसाची जमीन बिगरशेती करायला परवाना लागतो. तो मिळेल की नाही, कर किती बसेल, हे नोटरीकडून (तिथे जमिनीचे दस्त तोच करतो) समजून घेतल्याशिवाय इसार घेऊ नका.