जज व्हायचंय, मग बार कुठला द्यायचा? टेक्सास की कॅलिफोर्निया

माझी भाची ह्यूस्टनला लॉ स्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढेमागे ट्रायल कोर्टात (जिथे खटला आधी चालतो) जज व्हायचंय आणि बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा टेक्सासची द्यावी की कॅलिफोर्नियाची यावर घरात रोज चर्चा. आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा आणि इंटरव्ह्यू निघाला की पोरगी जज होते, इथे जजला मतं मागावी लागतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नगरसेवकासारखंच की!" टेक्सासपुरतं ते खरंच आहे.

टेक्सासमध्ये ट्रायल कोर्टाचा जज, म्हणजे डिस्ट्रिक्ट जज, 4 वर्षांसाठी निवडून येतो आणि नावापुढे चक्क पक्ष लिहिलेला असतो. मार्चला पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी, नोव्हेंबरला मुख्य निवडणूक. तुम्ही जज म्हणून कितीही चांगले असा, वारं फिरलं की गेलात. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 2010 ला रिपब्लिकनांनी झाडून घेतलं होतं, 2018 ला डेमोक्रॅट्सनी जजच्या सगळ्या 59 जागा मारल्या आणि त्यात चांगलं काम करणारेही घरी गेले. एकाच बटणावर पूर्ण पक्षाला मत द्यायची सोय 2020 पासून बंद झाली, पण एवढी लांब यादी वाचणार कोण, लोक पक्षच बघतात. त्यात प्रचाराचा पैसा देणारे बरेचसे वकीलच, जे उद्या तुमच्याच समोर केस चालवणार. देणगीला मर्यादा आहे, पण मला तरी ते पटत नाही.

कॅलिफोर्नियात सुपिरियर कोर्टाची (तिथल्या ट्रायल कोर्टाचं नाव) टर्म 6 वर्षांची, बॅलटवर पक्ष नाही. आणि बहुतेक जज मुळात निवडणुकीने येतच नाहीत, जागा रिकामी झाली की गव्हर्नर नेमतो, पुढे समोर कोणी उभं राहिलं नाही तर बॅलटवर नावसुद्धा छापत नाहीत. ऐकायला मस्त. पण पक्ष नसला की लोक नाव आणि त्याखालचा व्यवसाय बघतात. 2006 ला लॉस एंजेलिसमध्ये झिंट्रा यानाव्स ही जवळजवळ 20 वर्षं जज असलेली बाई बेगलचं (गोल पावाचं) दुकान चालवणाऱ्या उमेदवाराकडून हरली, वकिलांच्या संघटनेचं रेटिंग उत्तम असूनही! परकं वाटणारं नाव नडलं असं तेव्हा बरेच जण म्हणाले. गव्हर्नर श्वार्झनेगरने तिला परत नेमलं ते वेगळं. आता आमचं आडनाव कुलकर्णी, तेव्हा विचार करा. शिवाय रिकॉल आहेच, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये 6 महिन्यांची शिक्षा देणाऱ्या जज पर्स्कीला 2018 मध्ये मतदारांनी मुदतीआधीच काढलं.

नावाचं म्हणाल तर टेक्सासमध्ये उलटा अनुभवही आहे. केरळात बिड्या वळून शिकलेले सुरेंद्रन पटेल 2022 ला फोर्ट बेंड काउंटीत प्रायमरीत खुर्चीवरच्या जजला हरवून डिस्ट्रिक्ट जज झाले, उच्चारावरून टिंगल झाली तरी. तिथे आपली माणसं भरपूर, हे विसरू नका.

पगारात कॅलिफोर्निया पुढे, वर्षाला 2 लाख 40 हजार डॉलरच्या वर, टेक्सासचा मूळ पगार 2025 मध्ये वाढून 1 लाख 75 हजार झाला. पण घरभाडं धरलं तर फरक फारसा उरत नाही.

खरी मेख वर्षांमध्ये आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. टेक्सासला 8 वर्षांची वकिली लागते, 2021 च्या दुरुस्तीआधी 4 पुरायची. कॅलिफोर्नियाला त्यांच्याच बारचं, म्हणजे तिथल्या वकील संघटनेचं, सदस्यत्व सलग 10 वर्षं. म्हणजे फक्त टेक्सासच्या बारवर ह्यूस्टनला 6 वर्षं काढून मग एलएला गेलात तर पुन्हा शून्यापासून मोजायचं. म्हणून हा निर्णय आत्ताच.

गर्दीत मिसळायला, मंदिरात-मेळ्यात हात जोडून फिरायला आवडत असेल तर टेक्सास. ज्याला 10 वर्षं गुपचूप काम करून गव्हर्नरकडे अर्ज टाकायचाय त्याने कॅलिफोर्निया. भाची पहिल्या प्रकारातली आहे, गणपतीची वर्गणी तीच गोळा करते. पण होणारा नवरा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नोकरीला आहे, त्याचं काय ते तिचं ती बघेल.