हॅमिल्टनचं पहिलं टिम हॉर्टन्स: आधी जिना चढा, मग कॉफी

कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना, टिम हॉर्टन्स ही कॉफी-डोनटची दुकानं ज्याच्या नावाची, तो टिम हॉर्टन कोण, असं विचारलं तर बरेच जण "तो कॉफीवाला ना?" म्हणतात. माझी लेक बर्फावरच्या हॉकीत डिफेन्स, म्हणजे बचावफळीत, खेळते, त्यामुळे आमच्या घरी हे उत्तर चालत नाही. टिम हॉर्टन चोवीस सीझन एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये, खेळलेला डिफेन्समन होता, तोही अव्वल दर्जाचा. टोरंटोजवळच्या हॅमिल्टन शहरात ओटावा स्ट्रीट नॉर्थवर 1964 साली त्याच्या डोनटच्या धंद्यातलं जे पहिलं दुकान उघडलं, त्याच जागी आज दुमजली टिम हॉर्टन्स उभं आहे. खाली नेहमीचं दुकान आणि वर छोटं संग्रहालय. मी लिहिणार आहे ते मुख्यतः वरच्या मजल्याबद्दल.

खालचं थोडक्यात सांगते. ॲपल फ्रिटर घ्या. फ्रिटर आणि डची (मनुका घातलेला चौकोनी डोनट) हे दोन्ही प्रकार खुद्द हॉर्टनच्या डोक्यातून निघालेले, असं कंपनी सांगते. फ्रिटरला धड आकार नसतो, पण त्या खाचाखोचांतच साखरेचा पाक साचतो आणि कडा कुरकुरीत लागतात. आत सफरचंदाचे तुकडे आणि दालचिनी. सोबत साधी काळी कॉफी बरी, कारण फ्रिटरवर डबल-डबल (दुप्पट साखर, दुप्पट क्रीमची कॉफी) म्हणजे माझ्या जिभेला गोडावर गोड होतं. मुलांना टिमबिट्स, म्हणजे डोनटचे छोटे गोळे, हवेच असतात. ते आले 1976 मध्ये, म्हणजे 1974 मध्ये वारलेल्या हॉर्टनने ते कधी पाहिलेही नाहीत.

आता वर चला. जुने फोटो, गणवेश, दुकानातल्या जुन्या वस्तू आणि हॉकी, असं सगळं शेजारी शेजारी मांडलंय. पाहायचंच म्हटलं तर वीस मिनिटांत आटपेल. आम्हाला खूप जास्त वेळ लागला, कारण लेक एका फोटोपुढून हलेना. तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नव्हतंच. गुडघे किती वाकलेत आणि स्टिकचं पातं बर्फावर कुठे टेकलंय, ते ती बघत होती.

"आई, ह्याने एकूण गोल किती केले?"

"एकशे पंधरा."

"बस? चोवीस सीझनमध्ये?"

तिथेच उभं राहून तिला समजावलं. 1,446 सामने, 115 गोल, 403 असिस्ट (ज्यातून गोल झाला असे पास). पण डिफेन्समनचं मोठं काम ह्या आकड्यांत येतच नाही. समोरून खेळाडू वेगात येतोय, आपण उलटं स्केटिंग करत मागे सरकतोय, अंतर फार पडू द्यायचं नाही आणि फार कमीही होऊ द्यायचं नाही. त्याला मधली वाट द्यायची नाही, कडेच्या फळ्यांकडे ढकलत न्यायचं आणि तिथे पक (हॉकीतली रबरी चकती) काढून घ्यायचा. हे नीट जमलं की शॉटच होत नाही. न झालेल्या शॉटची नोंद कोण ठेवणार? रिंकवरचे आईबाप गोल करणाऱ्या पोरांच्या नावाने ओरडतात तेव्हा मला माझ्या मुलीसाठी हे फार जाणवतं. म्हणूनच ही जागा मला जवळची वाटते: एका डिफेन्समनचं नाव इथे भिंतीभर आहे.

हॉर्टनची ताकद दंतकथेसारखी सांगतात. गॉर्डी हाउसारखा दांडगा खेळाडू त्याला हॉकीतला सगळ्यात बलवान माणूस म्हणायचा. पण मारामारी सुरू झाली की हॉर्टन ठोसे मारण्याऐवजी समोरच्याला मिठीत आवळून धरायचा, तो शांत होईपर्यंत. एवढं बळ अंगात असून ते असं वापरणं मला फार मोठं वाटतं, आणि लेकीला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं. 1955 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या बिल गॅड्सबीच्या एका टकरीत त्याचा पाय आणि जबडा दोन्ही मोडले. पुढच्या सीझनचा मोठा भाग तो खेळू शकला नाही. त्यानंतर मात्र फेब्रुवारी 1961 ते फेब्रुवारी 1968 ह्या काळात नियमित सीझनचे सलग 486 सामने, एकही न चुकवता! डिफेन्समनमधला हा विक्रम 2007 पर्यंत टिकला. ज्या जागेवर रोज फळ्यांवर आपटायचं आणि अंगावर पक झेलायचा, तिथला हा आकडा आहे.

टोरंटो मेपल लीफ्सबरोबर त्याने एनएचएलचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनले कप, चारदा जिंकलं: 1962, 63, 64 आणि 67. त्यातल्या 1962 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, बारा सामन्यांत सोळा गुण (गोल आणि असिस्ट मिळून), तेव्हा डिफेन्समनसाठी तो विक्रम होता. 1967 नंतर लीफ्सना आजवर कप मिळालेला नाही, आणि टोरंटोत राहणाऱ्याला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 1968 आणि 69 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो एनएचएलच्या पहिल्या ऑल-स्टार संघात, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, होता.

मग एवढ्या मोठ्या खेळाडूला डोनट का विकावे लागले? माझ्या मते ह्या दुकानात विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच. 1967 पर्यंत एनएचएलमध्ये संघ फक्त सहा, जागा मोजक्या, मालक म्हणेल तो पगार, आणि एक वाईट टक्कर बसली की सगळं संपलं. पाय मोडून पडलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. त्याने मोटारी विकून पाहिल्या, हॅम्बर्गरची दुकानं काढली, शेवटी डोनटवर आला. 1965 मध्ये रॉन जॉयस नावाच्या हॅमिल्टनच्या माजी पोलिसाने हे दुकान चालवायला घेतलं, 1967 मध्ये तो भागीदार झाला, आणि धंदा वाढला तो ह्या जोडीच्या हातून.

हॉर्टन मात्र खेळतच राहिला. लीफ्सनंतर न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, मग बफेलोच्या संघाकडून. 21 फेब्रुवारी 1974 च्या पहाटे, टोरंटोतला सामना आटोपून बफेलोला परतताना, सेंट कॅथरिन्सजवळ गाडीच्या अपघातात तो गेला. वय 44. तोवर दुकानं चाळीसच्या आसपास झाली होती. पुढच्या वर्षी जॉयसने हॉर्टनच्या पत्नीचा हिस्सा सुमारे दहा लाख डॉलरना विकत घेतला. हे वाचून झाल्यावर खाली येऊन नावाची पाटी बघितली की पोटात तुटतं. 1977 मध्ये हॉर्टन हॉकीच्या मानकऱ्यांत, म्हणजे हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि लीफ्सनी त्याचा सात नंबर कायमचा निवृत्त केला (आता तो नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत) तो 2016 मध्ये.

हॅमिल्टनला धबधबे बघायला आपण जातोच, त्याच दिवशी इथे अर्धा तास काढा. मुलं हॉकी खेळत असतील तर जास्तच काढा, आणि त्यातलं एखादं डिफेन्सला असेल तर त्याला घाई करू नका. फ्रिटर वरून उतरल्यावर घ्या. आधी घेतलात तर चिकट हातांनी पोरं काचांना हात लावतात.